व्यापाराच्या डावामागची बाई

मे महिन्याच्या सुट्टीत बाहेर ऊन मी म्हणत असताना पंख्याखाली सतरंजी अंथरून व्यापाराचा डाव मांडायचा, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या लहानपणीचे चित्र आहे. चौकोनी पुठ्ठा, त्याच्या चारही कडांना शहरांची घरे, रंगीत कागदी नोटा, फासे आणि बँक सांभाळणारा थोरला दादा. पहिला तासभर सगळे खुशीत असत. मग हळूहळू एकाच्या पुढ्यात नोटांची चवड वाढू लागे, दुसऱ्याला भाडे भरता भरता शहरे गहाण टाकावी लागत आणि शेवटी धाकटे भावंड डोळ्यांत पाणी आणून उठून जाई. आजी समजूत घाली, "अरे, खेळच तो. खरे पैसे थोडेच गेले तुझे?"

ज्या बाईने हा खेळ मुळात तयार केला, तिला धाकट्याचे ते रडू अपेक्षितच होते. त्यासाठीच तिने खेळ रचला होता. पुढे मात्र तिचे स्वतःचे खरेखुरे पैसे गेले, आणि नावही गेले.

आपला 'व्यापार' हा अमेरिकेतल्या 'मोनॉपली'चा देशी अवतार. मोनॉपली म्हणजे मक्तेदारी. पार्कर ब्रदर्स या कंपनीने १९३५ साली हा खेळ बाजारात आणला आणि त्याच्यासोबत एक कहाणीही आणली. महामंदीत नोकरी गेलेला चार्ल्स डॅरो नावाचा एक विक्रेता. घरी बायकोमुले, खिशात दमडी नाही. अशा दिवसांत त्याने घरच्या टेबलावर हा खेळ आखला आणि त्यावर तो लक्षाधीश झाला. चाळीस वर्षे जगाने ही कहाणी खरी मानली. वस्तुस्थिती अशी होती, की डॅरोच्या त्या टेबलाच्या तीस वर्षे आधी एलिझाबेथ मॅगी या बाईने या खेळाचे पेटंट घेतलेले होते.

आज आपल्या घरांतली मुले मोबाइलवरचे खेळ तयार करतात, कुणी लाकडी खेळणी करून प्रदर्शनात मांडते, कुणी पत्त्यांचा नवा खेळ छापून घेते. 'खेळ तयार करणे' हा पोटापाण्याचा धंदा होऊ शकतो, हे आपल्या वाडवडिलांच्या स्वप्नातही आले नसते. म्हणून या बाईची हकिकत आपण जरा सविस्तर पाहू.

खेळाला मालक आला तेव्हा

आपल्याकडच्या जुन्या खेळांना कर्ता नाही. सोंगट्यांचा पट कोणी काढला, गंजिफाचे डाव कोणी बांधले, सागरगोट्यांचे नियम कोणी ठरवले, हे विचारण्याची कुणाला गरजच पडली नाही. आजीने आईला शिकवले, आईने लेकीला. सावंतवाडीच्या चितारआळीतला कारागीर गंजिफा रंगवून विके, तेव्हा त्याला दाम मिळे ते हाताच्या कामाचे. खेळ सर्वांचाच होता.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हे चित्र बदलले. रंगीत छपाई स्वस्त झाली, रेल्वेने माल गावोगाव जाऊ लागला आणि शहरी कुटुंबांना दिव्याच्या उजेडात संध्याकाळ घालवायला काहीतरी हवे होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी मिल्टन ब्रॅडली नावाचा तरुण शिळाछापखाना चालवी. १८६० साली त्याने अब्राहम लिंकनचे चित्र छापले आणि ते तडाख्याने खपू लागले. पण लिंकनने दाढी राखली! बिनदाढीच्या चित्राला गिऱ्हाईक उरले नाही. हात टेकायची वेळ आली तेव्हा ब्रॅडलीने त्याच छापखान्यावर 'चेकर्ड गेम ऑफ लाइफ' म्हणजे आयुष्याच्या वाटचालीचा पट छापला. फासे म्हणजे जुगार असे मानणारी घरे बिचकू नयेत म्हणून त्याने फाशांऐवजी आकडे घातलेली भिंगरी दिली. वर्षभरात त्याच्या ४० हजारांवर प्रती खपल्या.

दुसरा जॉर्ज पार्कर. सेलम गावच्या या सोळा वर्षांच्या मुलाने १८८३ साली 'बँकिंग' नावाचा पत्त्यांचा खेळ रचला. प्रकाशकांनी नकार दिला, तेव्हा साठवलेल्या ५० डॉलरांतले ४० घालून त्याने स्वतःच ५०० संच छापले आणि फिरून विकले. नफा झाला सुमारे १०० डॉलर. पार्कर ब्रदर्स कंपनीचे मूळ हे. या दोघांनाही खेळ सुचला होता हे खरे. पण छापायचे कसे आणि विकायचे कसे हे त्यांच्या हातात होते, म्हणून धंदा उभा राहिला.

आपल्या पटाचे तिकडे काय झाले, तेही इथेच सांगायला हवे. पचीसी अमेरिकेत गेली, 'पार्चिसी' झाली आणि १८७४ साली ते नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवले गेले. ज्या खेळाला आपल्याकडे कधी मालक नव्हता, त्याच्या नावाला तिथे मालक मिळाला. लिझी मॅगीच्या खेळाचे पुढे जे झाले, त्याची ही आधीच झालेली रंगीत तालीम म्हणायची.

टंकलेखन करणारी लिझी

एलिझाबेथ मॅगी, घरची लिझी, १८६६ साली इलिनॉय राज्यात मॅकोंब गावी जन्मली. वडील जेम्स मॅगी वर्तमानपत्र चालवत, गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते आणि १८५८ च्या गाजलेल्या वादविवादांच्या वेळी लिंकनबरोबर हिंडलेले होते. लिझी मोठी झाल्यावर वॉशिंग्टनला आली आणि टपाल खात्याच्या 'डेड लेटर ऑफिस'मध्ये लघुलेखन-टंकलेखनाचे काम करू लागली. पत्ता न लागलेली पत्रे जिथे येऊन पडतात ते हे कार्यालय. नोकरी सांभाळून ती कविता लिही, नाटकांत कामे करी. टंकलेखन यंत्रात कागद सहज सरकावा म्हणून तिने एक सुधारणा केली आणि १८९३ मध्ये तिचे पेटंटही मिळवले. त्या काळी पेटंट घेणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. स्वतःच्या पगारातून तिने घर घेतले आणि पुष्कळ वर्षे एकटी राहिली.

वडिलांनी तिच्या हाती हेन्री जॉर्जचे 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हे पुस्तक दिले होते. १८७९ सालच्या या पुस्तकाने त्या पिढीला झपाटले होते. जॉर्जचे म्हणणे थोडक्यात असे: जमीन कुणी माणसाने निर्माण केलेली नाही. गाव वाढते, रस्ता येतो, शाळा आणि बाजार येतो, तशी शेजारच्या मोकळ्या प्लॉटची किंमत वाढते. मालकाने तिथे एक वीटही रचलेली नसते. ती वाढ गावाच्या कष्टाची, तेव्हा जमिनीचे भाडे कर म्हणून गावाच्या तिजोरीत जावे. माणसाच्या श्रमावर आणि त्याने बांधलेल्या घरावर कर नको. यालाच 'एक कर' पद्धती म्हणत. इंदूरच्या आसपासची शेते कॉलन्यांत जाताना ज्यांनी पाहिली, त्यांना जॉर्जचा मुद्दा पटो न पटो, कळायला वेळ लागणार नाही.

हेन्री जॉर्ज १८९७ मध्ये वारला. चळवळ मंदावत चालली होती. व्याख्यानांना चारच टाळकी येतात, पण खेळायला सगळे बसतात, हे लिझीने ओळखले. नोकरीवरून घरी आल्यावर रात्री बसून तिने पट आखायला सुरुवात केली.

घरमालकाचा खेळ

२३ मार्च १९०३ रोजी तिने अर्ज केला आणि ५ जानेवारी १९०४ रोजी तिला पेटंट मिळाले. खेळाचे नाव 'लँडलॉर्ड्स गेम', म्हणजे आपल्या भाषेत घरमालकाचा खेळ.

त्या काळचे बहुतेक पट सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणाऱ्या वाटेचे असत. लिझीचा पट गोल फिरत राहणारा होता. चार कोपरे, प्रत्येक बाजूला नऊ घरे, एकूण चाळीस. विकत घेण्याच्या आणि भाड्याने देण्याच्या जागा, रेल्वे, दिवाबत्तीची कंपनी, ट्रामची कंपनी. आणि या कंपन्यांची नावेच अशी, की गिऱ्हाईक नागवले जाणार हे ऐकताक्षणी कळावे. एका कोपऱ्यात सार्वजनिक बाग आणि कंगालांचे आश्रयगृह, एका कोपऱ्यात तुरुंग. एक जागा इंग्लंडातल्या कुणा 'लॉर्ड ब्लूब्लड'च्या मालकीची, तिथे पाऊल पडले की थेट तुरुंगात. पट एकदा फिरून आले की धरणीमातेवर श्रम केल्याबद्दल १०० डॉलर मजुरी मिळे. आज व्यापारात फेरी पूर्ण केल्यावर बँकेकडून जे पैसे घेतो ते याच मजुरीचे वंशज. ती फुकटची बक्षिसी नव्हती, कष्टाचा मोबदला होता. तेवढा अर्थ वाटेत गळून गेला.

१९०६ मध्ये जॉर्जवादी मित्रांच्या साथीने तिने 'इकॉनॉमिक गेम कंपनी'मार्फत न्यूयॉर्कमध्ये हा खेळ छापून घेतला. त्यात एक वेगळी सोय होती. खेळाडूंनी ठरवले तर मधेच 'एक कर' लागू करता येई. मग जमिनीचे भाडे मालकाकडे न जाता सार्वजनिक तिजोरीत जमा होई. पुढच्या आवृत्तीत तिने हे आणखी स्पष्ट केले: या दुसऱ्या पद्धतीत ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे आहेत त्याची मूळ रक्कम दुप्पट झाली, की डाव संपला आणि सगळे जिंकले. पहिल्या पद्धतीने खेळून चिडायचे, दुसऱ्या पद्धतीने खेळून विचार करायचा, असा तिचा बेत होता. घरमालक-भाडेकरूचा न्याय मुलांना लहानपणीच कळला तर मोठेपणी ते बदल घडवतील, अशी तिची आशा.

त्याच वर्षी ती शिकागोला गेली होती. बाईच्या पगारात एकटीचे भागणे किती अवघड आहे हे दाखवण्यासाठी तिने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की 'तरुण अमेरिकन गुलाम स्त्री विकणे आहे', जो जास्त बोली देईल त्याला. देशभर गदारोळ उडाला. बाई तिखट होती हे खरेच, पण लोकांचे लक्ष कसे वेधायचे याची तिला उपजत जाण होती. १९१० मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, तिने अल्बर्ट फिलिप्सशी लग्न केले.

तिने आपला खेळ पार्कर ब्रदर्सकडेही नेला होता. त्यांनी तिचा 'मॉक ट्रायल' हा पत्त्यांचा खेळ १९१० मध्ये छापला. घरमालकाचा खेळ मात्र परत केला. फार अवघड, फार राजकीय, असे त्यांचे मत पडले.

पुठ्ठ्यावरून पुठ्ठ्यावर

कंपनीने नाकारलेला खेळ लोकांनी उचलला. डेलावेअर राज्यात आर्डेन नावाची जॉर्जवाद्यांची छोटी वसाहत १९०० साली वसली होती. तिथे तो घरोघर खेळला जाऊ लागला. तिथले स्कॉट निअरिंग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन विद्यालयात अर्थशास्त्र शिकवत. ते विद्यार्थ्यांना हा खेळ खेळायला लावत. विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या गावी नेला. विकत संच कोण घेणार? मेणकापडावर किंवा पुठ्ठ्यावर पट उतरवून घ्यायचा, रस्त्यांची नावे आपल्या गावची घालायची. आपण व्रताच्या कहाण्या वहीत उतरवून घ्यायचो, तसेच हे.

उतरवून घेताना दोन गोष्टी झाल्या. लिझीचे नाव गळाले. आणि 'एक कर' पद्धतीचे नियम गळाले, कारण शेजाऱ्याला भिकेला लावण्यात जास्त मजा येते. लोक या खेळाला नुसते 'मोनॉपली' म्हणू लागले.

अमेरिकेत त्या काळी पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षे चाले. लिझीचे १९२१ मध्ये संपले. तिने सुधारित पट करून १९२४ मध्ये दुसरे पेटंट घेतले. पण तोवर हाताने काढलेले शेकडो पट गावोगाव पोहोचले होते, आणि खेळणाऱ्यांना हा कुणाचा तरी असेल अशी शंकाही नव्हती.

हाच खेळ अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावी क्वेकर पंथाच्या मित्रमंडळींत पोहोचला. त्यांनी पटावर आपल्या गावातले रस्ते घातले. तिथून तो फिलाडेल्फियाच्या चार्ल्स टॉडकडे आला. टॉडने १९३० नंतरच्या त्या मंदीच्या दिवसांत एका संध्याकाळी डॅरो दाम्पत्याला जेवायला बोलावून तो शिकवला. डॅरोने पुन्हा पुन्हा डाव मांडायला लावले आणि मग टॉडकडून सगळे नियम लिहून मागितले. टॉडने स्नेह्याची भीड म्हणून ते दिले. टॉडच्या पटावर 'मार्व्हन गार्डन्स' या जागेचे नाव चुकून 'मार्व्हिन गार्डन्स' असे पडले होते. डॅरोने पट उतरवला तो त्या चुकीसकट. परीक्षेत शेजारच्याची उत्तरपत्रिका उतरवणारा पोरगा जसा चुकीच्या उत्तरावरून सापडतो, तसा तो पुढे याच एका अक्षरावरून सापडला.

पाचशे डॉलर

डॅरोला श्रेय द्यायचे तर विक्रीचे द्यावे लागेल. त्याने पट नीटनेटका करून घेतला, हाताने संच तयार केले, मग छापून घेतले आणि १९३४ च्या नाताळात फिलाडेल्फियाच्या वॉनामेकर या मोठ्या दुकानात ते विकले. पार्कर ब्रदर्सने त्यालाही आधी नकारच दिला होता. मंदीने कंपनी डबघाईला आलेली. दुकानातला खप पाहून १९३५ मध्ये त्यांनी हक्क घेतले आणि डॅरोला प्रत्येक संचामागे वाटा, म्हणजे रॉयल्टी, कबूल केली. पहिल्या वर्षी पावणेतीन लाखांवर संच खपले, दुसऱ्या वर्षी साडेसतरा लाखांच्या घरात.

एवढा माल हलू लागल्यावर कंपनीच्या लक्षात आले, की पेटंटची जमीन आपल्या पायाखाली नाही. 'फायनान्स' नावाने याच खेळाची एक आवृत्ती बाजारात होती. ती काढणाऱ्या डॅन लेमनने आपले हक्क २०० डॉलरांना विकून टाकले होते. ज्याने ते घेतले त्याच्याकडून पार्कर ब्रदर्सने ते १० हजार डॉलरांना विकत घेतले. आणि लिझीचे १९२४ चे पेटंट तर अजून जिवंत होते.

नोव्हेंबर १९३५ मध्ये जॉर्ज पार्कर स्वतः तिच्या घरी गेला. सोळाव्या वर्षी ४० डॉलर घालून खेळ छापणारा मुलगा आता जवळजवळ सत्तर वर्षांचा होता. लिझीही सत्तरीला टेकलेली. सौदा झाला तो ५०० डॉलरांचा, एकरकमी. रॉयल्टी नाही. त्याबरोबर कंपनीने तिचा मूळ घरमालकाचा खेळ आणि आणखी दोन खेळ छापायचे कबूल केले. तिला वाटले, एवढी मोठी कंपनी आपला खेळ घरोघर नेईल, आपला विचार पोहोचेल. विक्रीनंतर तिने कंपनीला पत्र लिहिले त्यात खेळालाच उद्देशून निरोपाचे चार शब्द लिहिले होते, लेक सासरी धाडताना आई बोलते तसे.

पैशासाठी ती फसली असे म्हणणे सोपे आहे. माझ्या मते ती फसली ती पैशात कमी आणि आशेत जास्त. कंपनीला तिचे पेटंट हवे होते; तिचा खेळ नको होता. काही आठवड्यांत देशभर मोनॉपली दिसू लागली आणि तिच्या पेटीत डॅरोची कहाणी. जानेवारी १९३६ मध्ये लिझीने वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रांना बोलावून आपले जुने पट दाखवले, छायाचित्र छापून आले. तेव्हाही तिचे म्हणणे असे, की खेळताना हजारोंच्या मनात एक कराचा विचार रुजला तर सगळे कष्ट वाया गेले नाहीत. बातमी दोन दिवसांत विरली. कंपनीने १९३७ मध्ये तिचे 'किंग्ज मेन' आणि 'बार्गेन डे' हे खेळ आणि १९३९ मध्ये घरमालकाचा खेळ छापला. शब्द पाळला, पण खेळ दुकानांत धूळ खात पडले.

१९४० च्या जनगणनेत मोजणीदार घरी आला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिले गेले: खेळ तयार करणारी. उत्पन्नाच्या रकान्यात: शून्य. १९४८ मध्ये ती वारली. डॅरो १९६७ पर्यंत जगला, मोठी शेतीवाडी केली, हौसेने ऑर्किडची फुले वाढवली. १९७० मध्ये अटलांटिक सिटीत त्याच्या नावाची पाटी लागली.

प्राध्यापकाचा खटला

ही हकिकत आपल्याला कळली तीही कुणाच्या कृतज्ञतेमुळे नव्हे, एका खटल्यामुळे. सॅन फ्रान्सिस्कोचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक रॅल्फ अॅन्सपाक, लहानपणी नाझींच्या तडाख्यातून निसटून आलेले, यांना मोनॉपलीतली मक्तेदारीची आरती खटकली. १९७३ मध्ये त्यांनी 'अँटी-मोनॉपली' हा खेळ काढला. 'मोनॉपली' हे नाव आमचे आहे, म्हणून कंपनीने हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले.

अॅन्सपाक यांनी बचावासाठी शोध सुरू केला तसे एकेक म्हातारे साक्षीदार सापडत गेले. विसाव्या वर्षी मेणकापडावरचा पट खेळलेले लोक सत्तरीत साक्ष द्यायला आले. चार्ल्स टॉडनेही सांगितले. खालच्या न्यायालयात प्राध्यापक हरले आणि १९७७ मध्ये मिनेसोटा राज्यातल्या मँकॅटो गावी त्यांचे सुमारे ४० हजार संच खड्ड्यात पुरण्यात आले. घर गहाण पडले तरी त्यांनी अपील सोडले नाही. वरच्या न्यायालयाने १९७९ आणि १९८२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. 'मोनॉपली' हा शब्द खेळणाऱ्यांच्या तोंडी एका प्रकारच्या खेळाचे नाव झाला आहे, तो एका कंपनीची खूण उरलेला नाही, असा त्याचा मथितार्थ. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढे सुनावणीला नकार दिला. दुसऱ्याच वर्षी तिथल्या संसदेने ट्रेडमार्कचा कायदा बदलला ती गोष्ट वेगळी. खटल्याच्या निमित्ताने लिझी मॅगीचे नाव मात्र कागदोपत्री वर आले. लिझीचे पट कागदोपत्री नोंदवलेले होते, म्हणून हे शक्य झाले. पेटंटने तिला पैसा दिला नाही. सत्तर वर्षांनी नाव तेवढे परत दिले.

आपल्या मुलांसाठी

खेळ सुचणे, तो घडवणे आणि त्यावर मालकी असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लिझीला पहिल्या दोन साधल्या, डॅरोला तिसरी. नुसती कल्पना कायदा राखत नाही. पटाची रचना आणि खेळण्याची युक्ती लिझीच्या काळी अमेरिकेत पेटंटने काही वर्षे राखता येई; नाव ट्रेडमार्कने राखता येते, चित्रे आणि नियमांचा मजकूर लेखनहक्काने. एकरकमी पैसे आणि प्रत्येक नगामागे वाटा यांत किती फरक पडतो, ते लिझीच्या ५०० डॉलरांवरून आणि डॅरोच्या लक्षाधीश होण्यावरून दिसतेच. आपण मध्यमवर्गीय मंडळी सही करण्याआधी कागद पुरता वाचायला संकोचतो, समोरच्याला काय वाटेल म्हणून. कंपनीला काहीही वाटत नाही. कलेची विद्या मुलांना शिकवतो, तशी ही कागदाची विद्याही शिकवायला हवी.

पण सगळे हक्क बांधून ठेवणे हा एकच मार्ग आहे असेही नाही. अरविंद गुप्ता हे कानपूर आयआयटीचे अभियंता १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोमधून रजा घेऊन आपल्या मध्य प्रदेशात, नर्मदाकाठच्या होशंगाबादला आले. तिथे खेड्यातल्या शाळांत विज्ञानशिक्षणाचा प्रयोग चालू होता. आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली. तिचे तुकडे आणि आगपेटीतल्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घनाकृती उभ्या केल्या. त्यावर १९८७ मध्ये पुस्तक निघाले. पुढे पुण्याच्या आयुकात, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, टाकाऊतून टिकाऊ अशी शेकडो खेळणी त्यांनी मुलांना करायला शिकवली. कोणत्याही खेळण्यावर त्यांनी हक्क ठेवला नाही. सगळे सर्वांना मोफत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे खेळणे कुणी उतरवून घेतले तर त्यांचे काही जात नाही, कारण खेळण्यामागचा विचार त्याच्या घडणीतच आहे. नळी-काडी जोडली की भूमिती कळतेच. लिझीचा विचार नियमांच्या कागदावर होता, आणि तोच कागद लोकांनी आधी फेकला.

तेव्हा खेळ विकायचा की वाटायचा, हे ज्याने त्याने आधी ठरवावे. वाटेत ठरवू नये. दोन्हींत प्रतिष्ठा आहे. लिझीच्या खेळाचे हे दोन्ही दुसऱ्यांनीच ठरवले.

या दिवाळीत किंवा पुढच्या मे महिन्यात नातवंडे जमली, की माळ्यावरचा व्यापाराचा डाव खाली काढा. पहिला डाव नेहमीसारखा होऊ द्या; धाकटे रुसेल. मग पटाच्या मधोमध एक वाटी ठेवा आणि सांगा, की आता भाडे मालकाला द्यायचे नाही, या वाटीत टाकायचे. वाटीतले पैसे अधूनमधून सर्वांना सारखे वाटायचे. आणि ज्याच्याकडे सर्वांत कमी नोटा आहेत, त्याच्या दुप्पट झाल्या की डाव सुटला. वाटीची ही रीत मी आपल्या सोयीसाठी सोपी करून सांगितली आहे, मूळ नियम अधिक बारकाईचे आहेत. मुले विचारतील, हे कोणी ठरवले? तेव्हा नाव सांगायला विसरू नका.